अकरा महिने जपानात

माझा शेजारी मनिराम वर्षातले अकरा महिने जपानमध्ये असायचा. म्हणजे लाखांदूरमध्ये, माझ्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की तो जपानहून भारतात यायचा. म्हणजे एसटीने अर्ध्या तासावरच्या खैरीला जायचा.

उरलेल्या वर्षात कुठे जाताना बस खैरीवरून जाणारी असली, तर गाव यायच्या आधी मनिराम बोलता बोलता वाकून सीटखाली जायचा. गाव मागे पडलं की वर येऊन वाक्य पुरं करायचा. एकदा खैरीच्या थांब्यावरच बस बंद पडली आणि हा पाऊण तास खाली. कंडक्टरने विचारलं, "काय हरवलं बुवाचं?" मी म्हणालो, "कवळी." मग दोन उतारूही शोधायला लागले. बस सुरू झाल्यावर मनिराम गुडघे झाडत वर आला आणि मला म्हणाला, "आमच्या जपानात बशी अशा बंद नाई पडत, गुरुजी."

त्याने जपान पाहिलेला नव्हता. मीही नव्हता. पण तो जपानी झाला तो माझ्यामुळे, आणि गरज संपल्यावरही जपानीच राहिला, तोही माझ्यामुळेच. पंचक्रोशीत अजून सांगतात की जपानचा एक पहलवान आपल्या भागात येऊन भल्याभल्यांना लोळवून गेला. तो जपानचा नव्हता. तो वैनगंगेकाठच्या, पुढे गोसीखुर्दच्या धरणात गेलेल्या एका गावचा, मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा मनिराम होता. एवढं माझ्या हातून लिहून झालेलं बरं.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो आणि मंडईच्या दिवसांत हौसेने माईक धरायचो. नाटकं होतीच, पण एका ठेकेदाराने त्या वर्षी फ्री स्टाइल कुस्ती आणली. दोऱ्या बांधलेलं स्टेज, तिकीट, आणि आपल्या 'झाडीच्या वाघा'समोर एक परदेशी दुष्ट पहलवान. आदल्या वर्षीचा त्याचा अमेरिकन पहलवान तुमसरचा निघाला होता. सासऱ्यानेच भर स्टेजवर ओळखला आणि विचारलं, "जावाई, हे काय करून राहिले?" त्यामुळे ठेकेदाराला या खेपेला सासरा नसलेला माणूस हवा होता.

मनिराम राइस मिलमध्ये हमाल होता. आईबाप लहानपणीच गेलेले, लग्न झालेलं नाही, क्विंटलभराचं पोतं उचलून हसत उभा राहणारा. काका वारल्यामुळे डोकं तुळतुळीत केलेलं. मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणालो, "हा जपानी." कशावरून म्हणालो ते आजही सांगता येणार नाही. भूगोलाच्या पुस्तकातून नाव काढलं, योकोहामा. शिंप्याने मंडपाच्या उरलेल्या लाल साटीनचा पायघोळ डगला शिवला. अट एकच होती, मराठीत तोंड उघडायचं नाही. मी त्याला एक वाक्य बसवून दिलं, "हाकाची मोरो तानिसो." तो तेवढंच म्हणायचा आणि मी माईकवरून भाषांतर करायचो. एका गावात त्याचा अर्थ 'तुमच्या वाघाची शेपटी कापून नेईन' असा होता, दुसऱ्या गावात 'भाजीत मीठ कमी आहे' असा.

जपान्याने वाघाकडून मार खायचा, लोकांनी शिव्या द्यायच्या, असं ठरलं होतं. पहिली चार गावं तशीच गेली. पाचवं गाव खैरी.

खैरीत बौद्ध वस्ती मोठी. जपानी माणूस येणार म्हटल्यावर त्यांनी वेगळाच हिशेब केला. जपान म्हणजे बुद्धाला मानणारा देश, म्हणजे येणारा आपलाच माणूस. मनिराम डगला घालून उतरला तर समोर निळ्या-पांढऱ्या साड्यांतल्या बाया हार घेऊन उभ्या. त्याला विहारात नेलं, खीर दिली. त्याने सगळ्यांना कमरेतून वाकून नमस्कार केला, कारण जपानी काय करतात त्यातलं मला तेवढंच माहीत होतं आणि मी तेवढंच शिकवलं होतं.

कुस्ती सुरू झाली. वाघाने ठरल्याप्रमाणे पहिली थप्पड मारली. पहिल्या रांगेतून पार्बताबाई उठल्या, पन्नाशीच्या, सडसडीत, कमरेला पदर खोचलेल्या. दोऱ्यांखालून स्टेजवर आल्या आणि वाघाच्या समोर उभ्या राहिल्या.

"पावणा आहे तो. मंडईत आलेल्या पावण्याले मारतेत काय गा?"

वाघ म्हणाला, "बाई, कुस्ती आहे."

"मंग त्याले मारू दे. तू घरचा आहेस, तू मार खा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदाराने मला खूण केली. वाघाने मार खाल्ला. पुढच्या गावात ही बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि त्या दिवसापासून जपानी पहलवान एकही कुस्ती हरला नाही. वाघ मला विचारायचा, "गुरुजी, वाघ मी हाओ का तो?"

कुस्ती सुटल्यावर पार्बताबाईंनी आम्हा दोघांना जेवायला नेलं. तांदळाचे घावनासारखे आयते, वांग्याची भाजी. मनिराम गुडघे मोडून बसला. बाई वाढत होत्या आणि बोलत होत्या. "कोणाचं लेकरू, केवढ्या दूर आलं. हे पाहा, दरसाल मंडईले इथंच जेवाचं. पुसा त्याले गुरुजी, माय आहे काय त्याची?"

मनिरामने मान खाली घातली आणि आपलं वाक्य म्हटलं. मी भाषांतर केलं, "नाही म्हणतो."

"आता आहे म्हणा," पार्बताबाई म्हणाल्या.

तीनचार हंगामांत तो धंदा बसला. घरोघरी टीव्ही आले, ठेकेदार लग्नाचे मंडप घालू लागला, वाघाने पानठेला टाकला. डगला मात्र मनिरामने ठेवला. गाव धरणात गेल्यावर पुनर्वसनाच्या जागेत त्याचा जीव रमेना, म्हणून तो माझ्या शेजारी राहायला आला. मंडई आली की दाढीमिशा आणि डोकं साफ करायचा, डगल्याला इस्त्री करायचा आणि मला म्हणायचा, "चला, विमान लागलं." वर्षाचा एक दिवस तो पार्बताबाईंच्या घरी जेवायचा. मंडईचा महिना सरला की बाकीचे अकरा महिने केस आणि दाढी वाढवून राहायचा. मिलमध्ये खैरीची धानाची गाडी आली, की हमाल डोक्यावर बारदानाची घडी घेतात तशी घेऊन ती थेट हनुवटीपर्यंत ओढायचा.

मी त्याला म्हणायचो, "आता सांगून टाक. म्हातारी काय खाणार आहे?"

"ते जपानच्या लेकराले जेवू घालते, गुरुजी. ढिवराच्या मनिरामले कायले घालन? समजलं त माय जाईन माझी. एक गेली तवा मले कळत नव्हतं. आता कळते."

म्हणायचो खरा, पण मनापासून नाही. खैरीत मलाही पाट मिळायचा, शाल मिळायची. दुभाष्याचा मान मोठा असतो.

टीव्हीवर जपानमध्ये भूकंप झाल्याची बातमी आली की तासाभरात पार्बताबाईंचा फोन. "गुरुजी, लेकरू ठीक आहे काय?" मी परसातल्या भिंतीवरून बघायचो. लेकरू खाटेवर बसून शेंगा सोलत असायचं. "ठीक आहे म्हणून सांगा," तो हळूच म्हणायचा. मग शेंगा तशाच ठेवून आत जायचा.

बाईंचे यजमान गेले ती बातमी आम्हाला बाजारातच कळली. मनिराम दोन दिवस खोलीच्या बाहेर आला नाही. जायचं कसं, तो तर जपानात. पुढे मंडईला गेलो तेव्हा तो बाईंसमोर बसून हाकाची मोरो, मोरो तानिसो, तानिसो हाकाची असं किती तरी वेळ रडत बोलत राहिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घसा साफ केला आणि सांगितलं, "जपानतर्फे दुःख व्यक्त करतो." हे आठवलं की आजही मला आरशात बघवत नाही.

पार्बताबाईंची सून संगीता हुशार. एका वर्षी तिने मोबाइल पुढे केला, म्हणाली यात बोललं की मराठीत होऊन येतं. मनिराम माझ्याकडे बघून मोबाइलमध्ये बोलला. मोबाइल जरा वेळ थांबला आणि म्हणाला, "दुकानात बकरी बसली आहे." संगीताने माझ्याकडे पाहिलं. पार्बताबाई म्हणाल्या, "बसली असन. तिकडं बकऱ्या नसते काय?"

असं तीसेक वर्षं चाललं. मग गेल्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत संगीताचा फोन आला.

"गुरुजी, आई पडल्या. कंबर मोडली. या वयात आपरेशन नाई होत म्हणते, घरी आणलं. चार दिवस झाले, पाण्याशिवाय काही घेऊन नाई राहिल्या. मंडईपर्यंत काई खरं नाई. जपानले कळवा."

जपान दोरीवर सदरा वाळत घालत होता. मी सांगितलं. त्याने सदरा पुन्हा काढून घेतला आणि हातात धरून उभा राहिला.

"विमानाले किती वेळ लागते?"

"दोन दिवस धर."

"अन् दाढी कराले?"

"दहा मिनिटं."

"म्हणजे दाढी करून दोन दिवस बसून राहाचं?"

मी म्हणालो, हो, राहायचं. अर्ध्या तासात पोचलास तर सगळं उघडं पडेल, मग तिथलं तुझं पान उठलं. हेही मीच म्हणालो.

"अन् दोन दिवसांत ते गेली त? मंग पान कोठी मांडन कोणी?"

त्याने तो ओला सदराच अंगात घातला. बसमध्ये खिडकीशी बसला. खैरी आली तेव्हा तो वाकला नाही.

दार संगीताने उघडलं. तिने दाढीवाल्याकडे पाहिलं, मग मला विचारलं, "हे कोण?" मी सवयीने तोंड उघडलं. मनिरामने माझ्या दंडावर हात ठेवला आणि आत जाऊन बाजेशेजारी खाली बसला.

"बाई, मी जपानचा नोहो. कधीच नोहोतो. मी ढिवराचा मनिराम. मिलमंधी हमाली केली. लाखांदूरले रायतो, गुरुजीच्या भिंतीले लागून."

पार्बताबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याचा पंजा उलटा करून त्यावरचे घट्टे पाहिले, दरसाल वाढताना बघितलेले असणार.

"लाखांदूरले?"

"हो."

"बशीनं किती वेळ लागते?"

"अर्धा घंटा."

त्यांनी डोळे मिटले. मनिराम माझ्याकडे बघेना. मला वाटलं, संपलं.

"बुढा गेला तवा संगीता म्हणे, जपानले कळवू. मी नाई म्हटलं. लेकरू एवढ्या दूर एकटं रडत बसन, म्हटलं." त्यांनी श्वास घेतला. "अन् तू अर्ध्या घंट्यावर होता."

"भेव वाटे, बाई."

"दूर आहे म्हणून सालातून एकदाच आला तरी मी काही म्हणत नोहोती. जवळचा असता त कान धरला असता." मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "अन् गुरुजी, तुमाले त रस्ता मालूम होता."

 

"बोल आता काही," त्या मनिरामला म्हणाल्या. "तीस वर्षं या गुरुजीचंच ऐकलं."

सकाळी उठल्यापासून भिंतीवरून माझं डोकं खाणारा तो माणूस. त्याने आधी बाजेवरची चादर सारखी केली. शेवटी म्हणाला, "लय दुखते काय, माय?"

"दुखते. उशी खाली घे जराशी."

त्याने उशी खाली घेतली. संगीता वाटीत तांदळाची पेज घेऊन आली आणि वाटी त्याच्याच हातात दिली.

मी अंगणात आलो. वस्तीतले चारपाच जण जमले होते. एकाने विचारलं, "गुरुजी, काय म्हणून राहिला जपानी?" मी सांगितलं की तो जपानी नाही, इथलाच आहे, मनिराम नाव, हे सगळं माझं करणं. त्यांनी कान देऊन आतलं बोलणं ऐकलं.

"तीस वर्षांत किती साफ शिकला आपली भाषा," एक म्हातारा म्हणाला. "मनात आणलं की जमते." आणि गुरुजींचं आता वय झालं अशा नजरेने सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आत मनिराम मिलचं सांगत होता, धानाचं, पाण्याखाली गेलेल्या गावातल्या घराचं. मध्ये पेजेच्या वाटीत चमचा वाजत होता. बऱ्याच वेळाने पार्बताबाईंचा आवाज आला.

"उद्या कोणत्या बशीनं येतो?"

"पहिल्या," तो म्हणाला.