यादीतले अठ्ठावीस नग

"यादी तयार आहे. नग अठ्ठावीस. आणि तू वळकटीला हात लावायचा नाहीस," गुरुदत्त कर्णिकांनी रविवारी पहाटे बायकोला बजावलं.

"मी कशाला लावू?" शुभदा पोहे निवडता निवडता म्हणाली. "अंतरपाट विसरणाऱ्या माणसाला आपण काय शिकवणार!"

हे वाक्य गुरुदत्त आठ वर्षं ऐकत होते. मेहुणीच्या लग्नात अंतरपाट आणायचं काम त्यांच्याकडे होतं. तो ठाण्यात घरीच राहिला आणि कल्याणच्या मांडवात नवरानवरीमध्ये ऐनवेळी पंचा धरावा लागला. तेव्हापासून घरात कुणीही कुठेही जायला निघालं, की अंतरपाटाचा विषय निघायचा. आज तो कायमचा मिटवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

कारखान्यातल्या बेसिल फिटरची खाडीत एका माणसापुरती निमुळती होडी होती. साडेआठच्या भरतीला तासभर पाणी तळ्यासारखं शांत असतं, तेवढ्यात एक चक्कर मारून ये, असं त्याचं आमंत्रण होतं. काय काय आणू, असं विचारल्यावर तो "तू ये, बस्स," एवढंच म्हणाला होता. पण गुरुदत्त त्याच कारखान्यात स्टोअरकीपर होते. यादीशिवाय त्यांच्या हातून खिळासुद्धा हलत नसे.

तासाभराच्या सफरीसाठी वळकटीत कंदील गेला, कंदील विझला तर टॉर्च गेला, फिरकीचा तांब्या, दशम्या, आयोडीन, मफलर, वहाणा, सुतळी गेली. कपड्यांचा विचार त्यांनी विशेष खोलात जाऊन केला होता. अंगावर घालायचा एक जोड. तो भिजला तर बदलायचा एक. तोही भिजला तर आणखी एक. एवढ्यावर कपाट संपलं. बाकीचे धोब्याकडे होते. प्रत्येक नग ठेवला की ते यादीवर खूण करत. सात वाजता पोपट टांगेवाला वळकटी घेऊन खाडीवर पुढे गेला. गुरुदत्त आंघोळीला गेले आणि शुभदानं त्यांचा रात्रीचा लेंगा बादलीत भिजवला.

पावणेआठला मोरीतून हाक आली. "अगं, माझी पँट?"

"कुठली?"

"अंगावर घालायची!"

"यादीत बघा की."

यादीत ती होती. नग एकोणीस. पुढे खूणही होती.

शुभदा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "माझं पातळ देऊ?" तिनं विचारलं. "नाहीतर पंचा आहेच. दर वेळी तोच कामी येतो."

टांगा परत येईपर्यंत भरती ओसरली असती, आणि अंतरपाटाला जन्मभरासाठी पँटची जोड मिळाली असती. गुरुदत्तांनी ओला पंचा पिळला, पुन्हा नेसला, जानवं सारखं केलं. "मी असाच जाणार!" म्हणाले, आणि अनवाणीच बाहेर पडले.

कोपऱ्यावरच्या ओट्यावर प्रभाकरपंत पेपर वाचत होते. ओल्या पंच्यातला, उघडाबोडका माणूस खाडीच्या वाटेला लागलेला पाहून त्यांनी पेपर खाली ठेवला.

"गुरुदत्त, अरे कोण गेलं?"

"कुणी नाही, पंत! होडी चालवायला चाललोय."

"बरं, बरं," पंत हळुवारपणे म्हणाले. दुःखात माणूस भलतंसलतं बोलतो, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. खांद्यावर उपरणं टाकून ते मागे निघाले. पुढे किराणावाल्या सुधीरनं दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावल्या आणि खुणेनंच विचारलं, "कोण?" पंतांनी नुसती मान हलवली. सुधीरही चालू लागला. खाडी येईपर्यंत मागे सातजण झाले होते.

गुरुदत्त गर्रकन वळले. "मी होडी चालवणार आहे! चला, सगळे बघायला चला!"

सातही जणांनी आणखीच खिन्न होऊन माना हलवल्या.

बेसिल कमरेला रुमाल बांधून होडी धरून उभा होता. "कर्णिक, एवढी माणसं कशाला रे? होडी एकाची हाय!" मग त्यानं गुरुदत्तांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पण शाब्बास! आपले किती बाबू येऊन गेले. बूट, मोजे, पँट. सगळे गाळात रुतले. नीट कपडे करून आलेला तूच पहिला!"

गुरुदत्तांनी सावकाश सातही जणांकडे पाहिलं. "ऐकलंत?"

वळकटी ठेवताच होडी एका बाजूला कलली, म्हणून ती काठावरच राहिली आणि तिच्यावर प्रभाकरपंत बसले. गुरुदत्तांनी वल्हं मारलं. होडी दोनदा जागच्या जागी फिरली, मग सरळ झाली आणि शांत पाण्यावरून निघाली. डोळे पुसायच्या तयारीनं आलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दहाच्या सुमाराला गुरुदत्त ताठ मानेनं घरी आले. पंचा वाळला होता.

"काय विसरलात?" शुभदानं विचारलं.

"काहीही नाही. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस नग खाडीवर पोचले."

"पोचले. परत किती आले?"

गुरुदत्तांनी मागे वळून पाहिलं. मागे रिकामा जिना होता. यादी फक्त जायची केली होती. यायची केलीच नव्हती.

"विसरलो नाही. ठेवून आलोय," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी लागतील."

"आणि उद्या कारखान्यात काय घालून जाणार?"

गुरुदत्तांनी पंच्याची गाठ घट्ट केली.

"बेसिल तिथंच असतो," ते म्हणाले. "नीट कपडे कशाला म्हणतात, ते त्याला विचार."