वाढेपर्यंत झाकण उघडू नये

मी कंपौंडर आहे. सोलापुरात मिशनच्या दवाखान्यात बावीस वर्षं औषधं कालवतो आहे, आणि आजवर माझ्या हातची एकही बाटली चुकीच्या रोग्याकडे गेलेली नाही. खोकल्याचं औषध खरजेवाल्याला आणि खरजेचं खोकलेवाल्याला, असला प्रकार माझ्या खिडकीवर नाही! याचं सगळं श्रेय लेबलाला. मी आधी लेबल लिहितो, मग बाटली भरतो. तेव्हा अशा माणसाला एक टर्की भाजणं अवघड जाईल, असं तुम्हीच सांगा, कुणाला वाटेल?

माझ्या मुलीला वाटलं.

विजयमाला बार्शीला दिलेली. तिची आई, म्हणजे आमची वच्छला, गेल्या पावसाळ्यात वारली. तेव्हापासून दर पंधरवड्याला मुलीचं पत्र, आणि प्रत्येक पत्रात तोच प्रश्न, की बाबा, तुम्ही जेवता काय? मी उलट टपाली कळवायचो, की उत्तम जेवतो. वास्तविक मी सकाळी भात शिजवायचो आणि रात्री तोच भात ताकात कालवून त्याला दुसरा पदार्थ समजायचो. शेवटी मार्चात तिचा हुकूमच आला. "ईस्टरला मी येते. घर नीट चाललेलं दिसलं तर ठीक. नाहीतर सोमवारच्या गाडीनं तुम्हाला घेऊनच परत येईन. तुमच्यासाठी सोप्यात खाट टाकून ठेवली आहे."

जावयाच्या सोप्यात खाट! आणि हे घर, वच्छलाची चूल, तिनं लावलेला पुदिना, याला कुलूप? मी तडकाफडकी उत्तर लिहिलं, "जरूर ये. आई करायची तस्साच अख्खा टर्की, हिरवा मसाला भरून, माझ्या हातानं भाजून वाढतो." पत्र पेटीत टाकलं आणि मग मला आठवलं, की मला चहासुद्धा धड येत नाही.

पक्ष्याची अडचण नव्हती. ही विद्या वच्छलाला मिशनच्या मड्डमनं शिकवली होती आणि दर ईस्टरला बंगल्यावरचा एक पक्षी तिला मिळायचा. या जानेवारीत मड्डम विलायतेला रजेवर गेल्या आणि जाताना एक नर टर्की माझ्या अंगणात बांधून गेल्या. मी त्याचं नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की कापवत नाही, असं वच्छला सांगायची. पण रोज दाणे टाकताना काहीतरी हाक मारावी लागतेच, म्हणून मी त्याला नुसतं "अहो" म्हणायचो. वच्छला मला म्हणायची तेच.

"अहो, आज दवाखान्यात फार गर्दी होती," मी संध्याकाळी सांगायचो. तो गळ्याची लाल झालर हलवून गुडगुडगुड करायचा. "अहो, डॉक्टर आज माझ्यावर उगाच डाफरले." गुडगुडगुड. आठ महिन्यांत त्या घरात मला कुणी उत्तर दिलं ते त्यानंच. कधी कधी तर मी उगाच दोन गोष्टी जास्त सांगायचो.

कृती वच्छलाच्या वहीत होती. मी चष्मा पुसून वाचायला बसलो. पुदिना, कोथिंबीर, सब्जाची पानं, ओव्याची पानं, लसूण: पुरेसं. मीठ: नेहमीइतकं. लोणी: मागच्या खेपेपेक्षा जास्त.

आता पुरेसं म्हणजे किती? नेहमीइतकं म्हणजे कुणाच्या नेहमीइतकं? मी ग्रेन आणि ड्रॅमच्या मापात जगलेला माणूस! बाईनं ते स्वतःपुरतंच लिहिलं होतं. ही वही कधी माझ्या हातात पडेल, असं तिच्या मनातही आलं नसणार. मी बराच वेळ त्या "नेहमीइतकं"कडे बघत बसलो. शेवटी दवाखान्याचा तराजू घरी आणला आणि पाला अर्धा अर्धा औंस मोजून वाटला. फक्त एक ओळ अगदी स्पष्ट होती. तिच्याखाली वच्छलानं दोन रेघा ओढल्या होत्या: "वाढेपर्यंत झाकण उघडू नये. वाफ जाते."

भाजायची सोय कासीम पाववाल्याच्या भट्टीत. आमच्या भागात कुणाच्या घरी भट्टी नाही. ज्याला नानकटाई करायची असेल तो घरचा मैदा, घरचं तूप घालून परात भरतो आणि कासीमकडे नेऊन देतो. वच्छलाही पक्षी त्याच्याकडेच न्यायची.

"आणा की," कासीम म्हणाला. "पण कापणार मी. हलाल न्हाय ते माझ्या भट्टीत जात न्हाय. आणि परातीवर खूण ठिवा. यंदा रमजानात तुमचा सण आलाय, लोकांच्या पराती लई असत्यात."

"कसली खूण?"

"कौलाचा तुकडा ठिवायचा परातीच्या झाकणावर. त्यावर खिळ्यानं कोरलेल्या रेघा. कुणाच्या दोन, कुणाच्या तीन."

मला हसू आलं. बावीस वर्षांचा कंपौंडर कौलाचे तुकडे ठेवणार! "कासीमभाई, तुमचं कौल तुमच्याकडं ठेवा. माझी परात लेबल लावून येईल."

शनिवारी दुपारी कासीम सुरी घेऊन अंगणात आला. मी "अहो" म्हणून हाक मारली तसा तो बिचारा आपण होऊन चालत आला. पुढचं मी पाहिलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पुदिना पुन्हा मोजत होतो. संध्याकाळी पिसं काढून झाली, मसाला भरून झाला, आणि घर इतकं शांत झालं की मला माझ्याच चपलांचा आवाज ऐकू यायला लागला. तेव्हा मी खाटेखालची ट्रंक ओढली आणि तिच्यात दोन धोतरं, कोट आणि वच्छलाची वही ठेवली. नुसतं बघायला, मावतंय का. मावत होतं. ट्रंक परत खाटेखाली ढकलली आणि निजलो.

रविवारी मिशनच्या देवळातून आल्यावर मी परात कासीमच्या स्वाधीन केली. वर दुसरी परात पालथी, आणि तिच्यावर गोंदानं चिकटवलेलं दवाखान्याचं छापील लेबल. त्यावरचं "घेण्यापूर्वी बाटली हलवणे" मी खोडलं होतं आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "रावजी कंपौंडर. पोटात घेण्यासाठी." कासीमनं लेबलाकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता, पण मला स्टेशनवर जायची घाई होती.

विजयमाला बायकांच्या डब्यातून उतरली. जावईबापूंना रजा नव्हती, त्यांनी तिला कुर्डुवाडीला बसवून दिलं होतं. घरी आल्याबरोबर तिनं पदर खोचला आणि तपासणी सुरू केली. डबे उघडले, माठात डोकावली, चुलीची राख बोटानं बघितली.

"बाबा, तेलाच्या बुधल्यात तेल नाही."

"आहे की. ते बघ, शेवटचं आहे."

"बाबा, हे मीठ नाही, ही तुरटी आहे."

"तरीच," मी म्हणालो. म्हणजे पक्ष्याच्या पोटात काय गेलं होतं, ते मला तेव्हा कळलं. पण तिला मी काही बोललो नाही.

पाचला मी परात आणायला गेलो. कासीम नमाजाला गेला होता. कट्ट्यावर झाकलेल्या दोनच पराती उरल्या होत्या. एकीवर कौलाचा तुकडा होता, त्यावर तीन रेघा. दुसरीवर काहीच नव्हतं. लेबल कुठंच दिसेना. मी क्षणभर विचार केला. कौल मी ठेवलं नव्हतं, म्हणजे कौलवाली परात माझी असूच शकत नाही. उरली ती माझी. शंकेला जागाच नाही! लेबल पडलं असेल कुठंतरी. परात उचलली; चांगली जड होती, गरम होती, आणि वेलदोड्याचा वास येत होता. ओव्याची पानं भाजली की वेलदोड्यासारखी लागतात वाटतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. झाकण उचलून बघावं असं एकदा वाटलं. पण दोन रेघा आठवल्या. तिचं एवढं एक तरी नीट ऐकावं, म्हणून मी हात मागे घेतला.

सहाला आम्ही जेवायला बसलो. मी मधोमध परात ठेवली, डोळे मिटून प्रार्थना केली, त्यात वच्छलाचं नाव घेतलं, "आमेन" म्हणालो आणि झाकण उचललं.

नानकटाया. शंभरेक तरी असतील. प्रत्येकीवर एक चारोळी.

विजयमालानं एक नानकटाई उचलून तिच्याखाली बघितलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, पक्षी कुठाय?"

मी तसाच उठलो आणि अनवाणी कासीमच्या दुकानात गेलो. तो रोजा सोडायला खजूर मांडून बसला होता.

"तुमचा कागद पयल्या फटक्यात जळाला की," तो म्हणाला. "भट्टीत कागद कुटं टिकतो? म्हटलं, तुमची परात कुणी नेईल, म्हणून मीच तुमच्या परातीवर कौल ठिवलं, तीन रेघांचं. कमरबीच्या खुणेचं पडलं होतं तेच."

"आणि कमरबीची?"

"तुमची सोडून तिचीच एक उरली होती. तिला खूण कशाला?"

कमरबी दोन गल्ल्या सोडून राहते. तिला नीट दिसत नाही. हातानं कौलाच्या रेघा चाचपून ती आपली परात ओळखते. मी पोचलो तेव्हा तिच्या अंगणात चटया अंथरल्या होत्या आणि बायका, म्हातारे, पोरंबाळं रांगेनं बसले होते. मधे माझी परात. पक्ष्याच्या नावानं परातीत फक्त मान उरली होती.

"या कंपौंडर," कमरबी म्हणाली. "बघा की, नवल झालं. नानकटाया न्यायला गेले आन् परातीत हे येवडं पाखरू. म्हटलं, कुणीतरी अल्लाच्या नावानं रोजेदारांना पाठवलंय, नाव न सांगता. आमी सात घरांनी वाटून घेतलं. माझ्या नानकटायांचं काय झालं ते कासीमलाच ठाऊक. तुमी कसं आलात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात माझ्या अहोंचा एकेक तुकडा. आता काय सांगू? की तो परत द्या, मुलगी आली आहे, तिला दाखवायचा आहे?

"मीच पाठवला," मी म्हणालो. "सणाचा. नानकटाया चुकून माझ्याकडे आल्यात, त्या आणून देतो."

कमरबी माझ्या आवाजाच्या दिशेनं जरा वेळ बघत राहिली. मग तिनं मान एका वाडग्यात घातली आणि माझ्या हातात दिली. तेवढ्यात अजान झाली आणि कुणालाच माझ्याकडे बघायला वेळ उरला नाही.

घरी येऊन मी वाडगा मुलीपुढे ठेवला आणि खाटेवर बसलो. सगळं सांगून टाकणार होतो, की बाई, हरलो, ट्रंक भरलेलीच आहे, चल. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

एक बाई ताटली घेऊन उभी होती. भजी होती. "कमरबीनं सांगितलं, पाखरू तुमचं होतं. ताटली ठिवा." ती गेली तर दुसरी आली, कलिंगडाच्या फोडी. मग पीरसाब तांगेवाला स्वतः आला, खिचडा घेऊन. "कंपौंडरसायेब, लई नरम झालं होतं. मीठ जरा कमी होतं, पण चालतंय की." मग शेवया, मग गुलगुले, मग मटणाचा रस्सा आणि दोन भाकरी. शेवटी कमरबीच आली, खजुरांची ताटली घेऊन, आणि नानकटाया मोजून न घेता त्यातल्या पसाभर विजयमालाच्या ओटीत घालून गेली. सात घरं, सात ताटल्या.

आम्ही पोटभर जेवलो. विजयमाला हसत होती; आई गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हात धुताना ती म्हणाली, "बाबा, मी उगाच जीव टांगणीला लावला. मला वाटत होतं, तुम्ही इथं एकटे पडलात. इतकी माणसं आहेत की तुम्हाला. बार्शीत येऊन काय करणार होता?"

"तेच तर," मी म्हणालो. "दारावरची वर्दळ हटत नाही."

त्यातलं एकही माणूस त्याआधी कधी माझ्या दारात आलेलं नव्हतं. दवाखान्याच्या खिडकीतून त्यांना माझा फक्त हात दिसतो. हे मी तिला सांगितलं नाही. तिनं आणखी एकदा, फक्त एकदा, "चला" म्हणावं असं मला फार वाटत होतं. सकाळी केर काढताना तिला खाटेखालची ट्रंक लागली.

"ही कशाला भरली बाबा?"

"ऊन दाखवायला कपडे काढायचे आहेत," मी म्हणालो. तिनं मान डोलावली.

मी तिला गाडीत बसवून दिलं. घरी आलो. अंगणात टर्कीची दोरी तशीच बांधलेली होती. ट्रंक रिकामी केली, वही फळीवर ठेवली, बुधल्यात तेल आणून भरलं आणि तुरटीच्या डब्याला लेबल लावलं. मग त्या सात ताटल्या घासायला घेतल्या.

आता शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करायची नसते, एवढं मलासुद्धा कळतं. पण मला येतं काय? मी रात्रभर विचार केला. मंगळवारी सातही घरी मी स्वतः जाऊन ताटल्या दिल्या. प्रत्येक ताटलीत खोकल्याच्या औषधाची एक बाटली, ज्येष्ठमध जरा जास्त घातलेली. खोकला त्यांच्यापैकी कुणालाच नव्हता, ते मला माहीत होतं. म्हणून लेबलावर नेहमीच्या मजकुराखाली मी एक ओळ वाढवली, आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या: "बाटली घरी आणून परत करणे."