समुद्रालगतच्या कुटुंबयोग्य गावाची निवड

स्थलांतर ही गंभीर बाब आहे. पक्षी ती गांभीर्याने घेत नाहीत, म्हणूनच ते दर वर्षी वेळेवर पोहोचतात.

बडोद्याच्या इंद्रनील दप्तरदारला हा उथळपणा मान्य नव्हता. त्याचे पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते. तेव्हापासून त्या घरात टिपणीवर शेरा पडल्याशिवाय पंखासुद्धा बदलत नाहीत. इंद्रनीलचं काम घरूनच लॅपटॉपवर चालायचं, म्हणजे राहायला कुठलंही गाव चाललं असतं. लेक अबोली पाच वर्षांची झाली, त्या दिवशी त्याने शब्द दिला, "पुढचा वाढदिवस समुद्राकाठच्या घरात." अबोलीने लगेच लाल बादली मागून घेतली. (तिला कार्यपद्धती ठाऊक नव्हती.)

समिती नेमण्यात आली. अध्यक्ष वडील विश्वासराव, सदस्य आई कौशल्याबाई, सचिव स्वतः इंद्रनील. पोहणं कोणालाच येत नसल्याने निःपक्षपातीपणाचा प्रश्न उद्भवला नाही. पत्नी तेजश्रीला 'निमंत्रित' म्हणून घेतलं, कारण चहा तिलाच करायचा होता.

एकोणीस गावं विचारात घेतली. प्रत्यक्ष भेटी कटाक्षाने टाळल्या. भेट दिली की गाव आवडून बसण्याचा धोका असतो.

"तिथल गावात घरापासून समुद्र पाच मिनिटांवर आहे, बाबा," इंद्रनीलने माहिती सादर केली.

"इतका जवळ? घरात लहान मूल आहे!" विश्वासराव म्हणाले. "उणे दहा लिही."

त्यातून पहिला निकष ठरला: समुद्र जितका लांब, तितके गुण जास्त. दुसरा कौशल्याबाईंचा: हवा खारी नसावी, लोखंडी कपाट गंजतं. तिसरा: मुलीच्या कानावर मराठी पडावं, पण भाजीवाली गुजरातीच असावी, नाहीतर घासाघीस कोणत्या भाषेत करायची?

"आणि रविवारची सेव-उसळ?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"गुहागरला मिसळ मिळते, आई."

"मिसळ? शून्य दे."

"एकदा नुसतं जाऊन पाहू या ना," तेजश्री म्हणाली. निमंत्रितांना मत नसल्याने हे इतिवृत्तात आलं नाही.

तेरा महिन्यांत एकवीस बैठका झाल्या. त्यांपैकी सतरा मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करण्यात गेल्या. दरम्यान अबोली सहा वर्षांची झाली (नोंद घेतली). बादलीत तात्पुरते कांदे ठेवण्यात आले.

अखेर बेरीज झाली. सर्वाधिक गुण बडोद्याला पडले. परंतु तिथे स्थलांतर होत नसल्याने तांत्रिक कारणावरून ते बाद ठरलं. दुसरं आलं पादरा. पंधरा किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे निर्विवादपणे समुद्राच्या बाजूला. अहवालावर विश्वासरावांनी शेरा मारला: 'दिशा योग्य. मंजूर.'

सामान हललं. पादऱ्याच्या तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या गॅलरीत, अबोली कांदे काढून बादली घेऊन उभी राहिली.

"पप्पा, दरियो क्यां छे?"

"मराठीत विचार."

"समुद्र कुठेय?"

इंद्रनीलने शेतांपलीकडे बोट दाखवलं. "त्या बाजूला. सरळ."

"किती सरळ?"

"असेल साठ-सत्तर किलोमीटर. पण मध्ये आपल्यासारखं कुणी अडवायला नाही."

हे आपल्या तोंडून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. अबोलीने आत जाऊन अहवाल काढला आणि 'मंजूर'च्या खाली लाल खडूने लिहिलं: 'ना मंजूर. अबोली.'

दप्तरदारांच्या घरात साठीच्या आतल्या कुणी शेरा मारण्याची ही पहिलीच वेळ. इंद्रनीलने गाडीची किल्ली हातात घेतली, क्षणभर तोलली, आणि नियमाप्रमाणे खाली ठेवली. लेखी हरकत आली की फेरविचार समिती नेमावी लागते, आणि तिच्यावर घराबाहेरचा एक सदस्य घ्यावा लागतो. पात्रता: समुद्राबद्दल आस्था असावी, पण तेवढ्यासाठी खुर्चीतून उठायची सवय नसावी.

आपण इथवर वाचलंत, तेव्हा आपली निवड झालीच आहे. बैठक रविवारी. येताना मुलांना आणू नये. त्यांना काय काय कबूल करून ठेवलंय, ते आपल्याला ठाऊक आहेच.