बुंदीचा दहीभात

"येवढुसं कुत्रं मले भारी पडन काय? अख्खा देवळीचा बसस्टँड सांभाळला म्या!" असं पुंडलिकरावांनी मुलाला छातीठोकपणे सांगितलं आणि बुंदी बोरगाव मेघ्यातल्या त्यांच्या घरी राहायला आली. अंकुश आणि सूनबाई सुरभी काही महिने परदेशी जाणार होते. तोवर हे पांढरं, नारळाएवढं कुत्रं सांभाळायचं होतं.

बुंदी पहिल्याच दिवशी पुंडलिकरावांच्या प्रेमात पडली. ते पेपर उघडत, ती पेपरावर बसे. ते कूलरसमोर आडवे होत, ती पोटावर चढे. आंघोळीला गेले की दाराबाहेर असा आक्रोश, की शेजारच्या धुरपताबाई धावत आल्या, "कोणी गेलं काय जी?"

सुरभीने फोनवर उपाय सांगितला. बुंदीच्या सामानात पोकळ रबरी खेळणी होती. त्यात खाऊ भरून दिला की ती चाटत बसते, म्हणे. पुंडलिकरावांनी दहीभात भरला. बुंदीने बघता बघता साफ केला! आता मात्र ते पेटले. भात ठासून भरला, वर उकडलेल्या भोपळ्याचं बूच मारलं आणि खेळणं फ्रीजरमध्ये गोठवलं. दुपारभर घरात हूं की चूं नाही!

"पाह्यलं?" ते बायकोला म्हणाले.

"पाहून राह्यली न," मंदाबाई म्हणाल्या. "मी भाजी निवडा म्हटलं का तुमची कंबर धरते, अन् कुत्र्यासाठी भोपळा उकडून राह्यले!"

पण बुंदी पोटावर चढेनाशी झाली. पेपर करकरीत राहू लागला. "ये बेटा," म्हटलं की ती एक डोळा वर करी आणि पुन्हा रबरात तोंड खुपसे. निवांत झोपायची सोय झाली, तर पुंडलिकरावांना झोपच येईना! शेवटी त्यांनी खेळणी कपाटावर लपवली. बुंदी कपाटापुढे बसून अशी रडली, की धुरपताबाई पुन्हा हजर! खेळणी निमूट खाली आली.

एक दिवस अंकुशची गाडी दाराशी लागली. सुरभीला पाहताच बुंदी एक खेळणं तोंडात धरून तिच्यामागे गाडीत चढली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुंडलिकरावांनी उगाच चष्मा पुसला.

दार लागणार तोच बुंदीने खाली उडी मारली आणि सुसाट त्यांच्याकडे आली!

"पाहा न बाबा, कशी पलटली तुमच्यासाठी!" स्टिअरिंगमागे बसलेला अंकुश म्हणाला.

पुंडलिकराव दुखरी कंबर विसरून खाली बसले, दोन्ही हात पसरले. बुंदीने रिकामं खेळणं त्यांच्या चपलेवर टाकलं आणि भुंकली. भरून द्या!

"लई जीव लावला तुम्ही तिले," अंकुश म्हणाला.

"हो न," पुंडलिकराव पुटपुटले. खेळणं सदऱ्याआड लपवून ते लगबगीने स्वयंपाकघरात गेले. मंदाबाईंनी दह्याचं भांडं पुढे सरकवलं.

गाडी निघाली. अंकुशने हॉर्न वाजवला, सुरभीने हात हलवला. मागच्या सीटवर बुंदीचं तोंड दहीभातात होतं.