कचेरीतले हळदीकुंकू

सातासमुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्यांच्या भावकीत लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाला, एकाएकी सोन्याची किंमत आली. पैसा आला की अक्कल येते असा अकोल्याचा अनुभव नव्हता, म्हणून लोकांनी पैसा दुसरीकडे लावला. कोणी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवल्या. कोणी बैलांना जरीच्या झुली शिवल्या. एकाने तर कुत्र्याच्या गळ्यात पुतळ्यांची माळ घातली. रातोरात कुत्रं चोरीला गेलं. सकाळी कुत्रं परत आलं, माळ आली नाही.

पार्वताबाईंनी असला उठवळपणा केला नाही. त्यांनी पोराला इंग्रजी चढवली.

उत्तमराव अमरावतीला राहून शिकला आणि अंगात कोट घालून परत आला. पार्वताबाईंनी गल्लीतल्या बायका मुद्दाम ओसरीवर बसवल्या आणि विचारलं, "काय शिकला, सांग आता चारचौघीत."

"माय, वाक्य उलटवता येते मले."

"भाकर उलटवता येते का, ते सांग."

"हे पाह्य. ‘कारकून चूक करते.’ हे झालं अॅक्टिव्ह. आता उलटवलं का ‘चूक कारकुनाकडून केली जाते.’ हे पॅसिव्ह."

"मंग? चूक तं झालीच ना."

"गंमत पुढं हाये. ते ‘कारकुनाकडून’ गाळून टाकलं तरी इंग्रजीत चालते. राह्यलं काय? ‘चूक केली जाते.’"

"कोन करते?"

"कोनीच नाई."

बायकांनी तोंडाला पदर लावले. पार्वताबाईंनी आधी कपाळावर हात मारून घेतला, पण त्या बाईला जग कळत होतं. करून सवरून करणारा नाहीसा करायची विद्या! सरकार असल्या पोराला उपाशी ठेवणार नाही, हे त्यांनी तिथेच ओळखलं. आणि तसंच झालं. उत्तमराव कचेरीत बडा कारकून झाला.

तेव्हापासून कचेरीचा कारभार फार सुधारला. आधी ओढ्यावरचा पूल पडला की लोक विचारत, बांधला कोणत्या गाढवानं? आता कचेरीतून शांतपणे उत्तर जाई, की पूल बांधण्यात आला होता, तो पडण्यात आला आहे. अर्ज हरवण्यात येत. हरवलेल्यांचा शोध घेण्यात येई. शोध लागू नये याची काळजीही घेण्यात येई. माणसं भांडायला यायची, पण भांडायचं कोणाशी ते न सापडून मुकाट घरी जायची. पार्वताबाई अभिमानानं फुगल्या. घरातसुद्धा ऐटीत म्हणू लागल्या, "वच्छले, तूप संपवन्यात आलं वाटते." सून वच्छला बिचारी मान हलवी. तूप कोणी संपवलं हे तिला चांगलं माहीत होतं.

हे असंच चालायचं. पण चांद्या गेला.

चांद्या म्हणजे पार्वताबाईंचा बैल. त्याची आई व्यायल्यावर मेली होती, तेव्हा पार्वताबाईंनी त्याला ओंजळीनं दूध पाजून वाढवलं होतं. परक्या हातची वैरण तो हुंगतही नसे. घरात वेचलेला कापूस आढ्याला लागला होता, बाजारात भाव चढून राहिला होता, आणि जोडीतला दुसरा बैल चांद्यावाचून जुवाखाली मान देत नव्हता. अशा दिवसांत पार्वताबाईंचे यजमान खुशालराव चांद्याला मोर्णा नदीवर पाण्याला घेऊन गेले, दावं सोडलं आणि तंबाखू मळत गप्पांना बसले. तंबाखू संपली तेव्हा चांद्या पलीकडच्या काठावर कचेरीच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात उभा होता आणि विलायतेहून बी आणून लावलेली गोबी खाऊन ढेकर देत होता.

पार्वताबाई कोंडवाड्यावर पोचल्या, तर दाराशी शिपाई सूर्यभान बसलेला. कुडाच्या फटीतून चांद्या दिसत होता. त्यानं बाईंना पाहून हंबरडा फोडला.

"सूर्यभान, काढ माहा बैल."

"माय, हुकूम हाये." सूर्यभाननं वाचून दाखवला. "‘सदर बैलाने बागेतील गोबी खाल्ली. सबब तो कोंडवाड्यात घालण्यात आला आहे. बाजाराच्या दिवशी त्याचा लिलाव करण्यात येईल.’"

"लिलाव? माह्या चांद्याचा?"

"ज्यानं घातला त्याच्याच हाती सोडाचा, असा नियम हाये. घालनारा कोनीच नाई. मंग सोडू कोनाच्या हाती?"

"आरे मुडद्या, तूच तं दावं धरून नेत होता! अख्ख्या मोर्णेनं पाह्यलं!"

"मी चालून राह्यलो होतो, माय. बैलही चालून राह्यला होता. दावं मधात होतं."

घरी आल्यावर पार्वताबाईंनी लेकाला ताटावरून उठवलं. "काहून रे? गोबी खाल्ली तं ‘बैलाने’ म्हनून ठसठशीत लिहिलं. कोंडलं तं ‘घालण्यात आला’? मुक्या जनावराचंच नाव तेवढं सापडते तुले?"

"माय, समजून घे. आपन केलं का पॅसिव्ह, दुसऱ्यानं केलं का अॅक्टिव्ह. व्याकरनच तसं हाये."

"तुह्या व्याकरनाले आग लागो! बैल आन."

"तो मी नेलाच नाई तं आनू कसा?"

कचेरीतून रोज वर्दी जाई, की बैलास चारा घालण्यात येत आहे. घालत कोणीच नव्हतं. पार्वताबाई सकाळ-संध्याकाळ कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन जात आणि फटीतून एक एक धाट आत सारत. त्यामुळे झालं काय, तर त्या कचेरीतून निघालेलं तेवढं एक वाक्य खरं ठरलं.

बाजार उद्यावर आला तेव्हा पार्वताबाईंनी पदर खोचला आणि थेट साहेबाची खोली गाठली. साहेब पुण्यात शास्त्रीबुवांकडे मराठी शिकला होता. त्यामुळे त्याला वऱ्हाड सोडून सगळीकडची मराठी समजे. बाईंचं बोलणं उत्तमरावानं मऊ करून सांगितलं. साहेब मूळचा न्यायी होता. तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "यापुढे आमचे कचेरीत प्रत्येक क्रियेस कर्ता असलाच पाहिजे! नाव सांगितल्यावाचून काहीही होणार नाही. बाई, प्रथम आपण सांगा. बैल मोकळा कोणी सोडिला?"

पार्वताबाई गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं अकोल्यानं प्रथमच पाहिलं.

"यायनं," त्या हळूच म्हणाल्या.

"हे कोण?"

"उत्तमच्या बापानं."

"त्यांस नाव असेल."

"हाये ना. चांगलं भारदस्त हाये. पन मी घेत नाई. धन्याचं नाव घेतलं तं आयुष्य कमी होते."

साहेबानं उत्तमरावाकडे पाहिलं. उत्तमराव अदबीनं म्हणाला, की कारकुनानं स्वतःच्या बापाविषयी साक्ष देऊ नये, असा नियम करण्यात आलेला आहे.

मोठा पेच पडला. सत्तावनचं बंड होऊन फार वर्षं लोटली नव्हती आणि रयतेच्या रीतिरिवाजाला धक्का लावायचा नाही, असं सरकारनं ठरवलं होतं. शेवटी तोड निघाली. बायका उखाण्यात नाव घेतात. पण उखाणा हळदीकुंकवाशिवाय होत नाही. म्हणून त्याच दुपारी सरकारी कचेरीत हळदीकुंकवाची व्यवस्था करण्यात आली.

गल्लीतल्या बायका नटून आल्या. फायली बाजूला सारून सतरंजी अंथरली. सूर्यभान कुंकवाची कोयरी घेऊन फिरला. वाण म्हणून सरकारी शाईची एक एक पुडी दिली. साहेबाच्या कोटावर गुलाबपाणी शिंपडलं, ते त्याला आवडलं. मग सगळ्यांनी पार्वताबाईंना आग्रह केला. त्या उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"काळ्या माह्या वावरात पऱ्हाटीले भाव..."

सगळे पुढं झुकले. साहेबानं टाक शाईत बुडवला. पार्वताबाई थांबल्या.

"घेते ना. पन रीत हाये, जिच्या घरी हळदीकुकू तिनं आधी नाव घ्यावं. कचेरी तुमची, कुकू तुमचं. सांगा, माह्या बैलाले कोंडवाड्यात कोनं घातलं? चाल सूर्यभान, घे."

बायकांनी एकच गिल्ला केला. "घे बाप्पा, लाजू नको!" सूर्यभान लाजून लालबुंद झाला, खांबाआड गेला, परत आला, आणि मान खाली घालून म्हणाला,

"पितळेच्या बिल्ल्यावर कोरलं गाव,
बैल आन म्हनले मले उत्तमराव!"

"वा रे माह्या पठ्ठ्या!" पार्वताबाई लेकाकडे वळल्या. "आता तू. तुले कोनं सांगितलं?"

उत्तमरावानं एकदा साहेबाकडे पाहिलं आणि झटकन नजर खाली केली. पागोट्याचं टोक तोंडावर ओढलं. पायाच्या अंगठ्यानं तो जमीन उकरू लागला.

"आमच्यात घेत नाईत," तो पुटपुटला.

"कोनात?"

"कारकुनायत. ज्याच्या जिवावर जगाचं त्याचं नाव घेतलं तं आयुष्य कमी होते."

"त्याचं?"

"नोकरीचं."

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. साहेबही हसला. पार्वताबाई मात्र हसल्या नाहीत. "साहेब, बायको लाजली तं नवऱ्यानं नाव घ्यावं. तुमीच सांगा मंग. बैल कोंडा म्हनून तुमाले कोनं सांगितलं?"

उत्तमरावानं हा प्रश्न मऊ न करताच सांगितला. साहेबाचं हसू विरलं. त्यानं खिडकीतून बंगल्याकडे पाहिलं. तिथं उजाड झालेल्या वाफ्यात मडमसाहेब हातात मोठी कात्री घेऊन उभ्या होत्या. साहेबानं खुर्ची थोडी आत ओढली आणि हळू आवाजात म्हणाला, "आमच्यातही काही नावे कचेरीत घेत नाहीत."

कर्ता तर पाहिजे. साहेबाचा शब्द पडला होता. आणि तो असा पाहिजे की ज्याचं नाव कोणालाही बिनधास्त घेता येईल. त्याला वरिष्ठ नको, बायको नको, आणि त्याला उलट बोलता येता कामा नये. हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. कोंडवाड्यात चांद्या रवंथ करत उभा होता.

हुकूम तिथेच लिहिला गेला आणि अस्सल अॅक्टिव्हमध्ये लिहिला गेला. चांद्याने स्वतःस मोकळे केले. चांद्याने मोर्णा ओलांडली. चांद्याने गोबी खाल्ली. नंतर चांद्यास पश्चात्ताप झाला. चांद्या आपल्या पायांनी कोंडवाड्यात गेला आणि त्याने कडी लावून घेतली. सबब चांद्याने कडी काढून घरी जावे आणि पुन्हा असे करू नये.

हे सगळं चांद्याला दोनदा वाचून दाखवलं. त्याची हरकत दिसली नाही. कडीला हात लावायला कोणी पुढं येईना, तेव्हा पार्वताबाईंनी ती काढली.

"कडी कोणी काढिली?" साहेबानं नियमाप्रमाणं विचारलं.

"चांद्यानं," पार्वताबाई म्हणाल्या आणि बैल घेऊन चालू लागल्या.

घरी त्यांनी चांद्याला गूळ दिला, त्याच्या गळ्यात पडून रडल्याही. वच्छलेलाही भरून आलं. ती म्हणाली, "आत्याबाई, मामंजींनी एवढं दावं धरून ठेवलं असतं तं..."

"गप्प बस!" पार्वताबाईंनी डोळे पुसले. "कोनाचं नाव घेऊन राह्यली? चांद्यानंच केलं ते. कागदावर हाये."

ओसरीवरून खुशालराव तंबाखू थुंकत म्हणाले, "लई माजला हाये तो."

घरात सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं, ते चांद्यानं घालवलं. रांजणाला तडा गेला, तो चांद्यानं पाडला. कचेरीलाही सोय कळली. मोजणी चांद्यानं चुकवली. पूल चांद्यानं बांधला होता, तो त्यानंच पाडला. पुढं समुद्रापलीकडची ती लढाई मिटली, कापूस मातीमोल झाला आणि अमरावतीच्या वरिष्ठांनी अकोल्याला विचारलं, की भाव कोणी पाडला? उत्तमरावानं उलट टपाली उत्तर दिलं. त्यावर अमरावतीहून शेरा आला, की असा एक बैल इकडेही हवा आहे.

चांद्या म्हातारा होऊन मेला. पार्वताबाईंनी जेवण टाकलं होतं, ते खोटं नव्हतं. पण त्याची जागा काही रिकामी राहिली नाही. ती रिकामी ठेवून कोणाचंच घर चालत नाही. तुम्ही हसून राहिले, हसा. फक्त एवढं आठवा, की घरात परवा जे काही फुटलं, सांडलं, हरवलं, तेव्हा ‘कोणी केलं’ म्हटल्याबरोबर सगळ्यांनी एकदम मान वळवून ज्याच्याकडे पाहिलं, तो कोण? तुम्हीही पाहिलंत. मघाशी ती वस्तू तुमच्याच हातात होती, तरी पाहिलंत.

घ्या पाहू नाव.