बिनखजुराचं झाड

हजराबींनी सकाळी सातलाच अंगणात खुर्ची टाकली आणि घरमालकाने ठेवलेल्या माळ्याला, फजलला, शिडीवर चढवलं. मार्च लागला होता. कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद गावातल्या या जुन्या घराचा करार संपत आला होता आणि गुरुवारी घरमालक बू नासिर घराची निगा बघायला येणार होता. "बघेन, मग सही करेन," असं तो हजराबींच्या लेकाला, अश्फाकला, म्हणाला होता. सही झाली नाही तर चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. "त्या खोक्यात मला कोंडलंत तर मी रत्नागिरीचा रस्ता धरीन," असं हजराबींनी लेकाला आणि सुनेला, सुहानाला, आधीच बजावलं होतं.

वाळक्या झावळ्या उतरल्या, भिंती धुतल्या. खजुरीची पाच झाडं लखलखीत झाली. कोपऱ्यातलं सहावं राहिलं.

"हा मेला नुसता फुलतो. एक खजूर देत नाय, सुहाना सांगत होती," हजराबी म्हणाल्या. "आणि ही पांढरी भुकटी बघ, माझी चादर खराब केलीन! फजल, सब फुलोरा काटो."

फजल वरून कळवळला. "अम्माजी, अरबाब को, मालिक को पूछ लूँ?"

"मेरे बाप का चाळीस माड का बाग था. झाड मेरेकू मत सिखाव!"

फजलने कापलं. फुलोरा पिशव्यांत भरला आणि दहाच्या कचरागाडीत गेला. हजराबींनी समाधानाने चहा घेतला.

दुपारी सुहाना ऑफिसमधून आली, वर बघितलं आणि पर्स मातीत टाकून खाली बसली.

"अम्मी, तो नर होता!"

"झाडात कसला गो नर? माडाला एकाच पोयीत, एकाच फुलोऱ्यात सगळं असतं."

"माडाला असेल! खजुरीचं तसं नाही. या एका झाडाचा फुलोरा नेऊन बाकीच्या पाचांना बांधतात, तेव्हा खजूर धरतो. मालकाच्या वडिलांनी लावलाय तो. शेजारची अकरा घरंसुद्धा त्याचाच फुलोरा नेतात."

हजराबी दरवर्षी या दिवसांत आंब्यासाठी गावी असायच्या. यंदा गुडघ्यांनी अडवलं होतं. "मग मला आधी कुणी सांगितलं का नाय?" त्या गरजल्या.

तुम्ही कुणाला बोलू देता, असं सुहानाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

संध्याकाळी अश्फाक भिंतीला टेकून उभा राहिला. "खलास, अम्मी. आता फ्लॅट बघू."

"फ्लॅट बघतोस? बाजारात हा फुलोरा मिळतो की नाय? आण चार. बांधू."

आणले. बुधवारी फजलने ते चार फुलोरे हिरव्या नायलॉनच्या दोरीने त्या सहाव्या झाडाच्याच शेंड्याला बांधले. खालून बघितलं तर झाड नकली दाढी लावलेल्या माणसासारखं दिसत होतं. हजराबींनी मात्र मान हलवली. "म्हाताऱ्याची नजर काय एवढी नसेल."

म्हाताऱ्याची नजर घारीची निघाली. गुरुवारी बू नासिर फाटकातून आत आला, सलाम केला, दोन पावलं चालला आणि थांबला. एका फुलोऱ्याला दुकानाचा कागद तसाच लोंबत होता.

"ये किसने काटा?" तो अगदी हळू म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

बू नासिरने फजलकडे बोट केलं. "तू? यल्ला, चलो, सामान उठाओ. बस."

फजल खाली बघत उभा राहिला. सत्तर वर्षांत हजराबींनी आपली चूक कधी स्वतःच्या तोंडाने म्हटली नव्हती. ते काम त्यांनी नेहमी दुसऱ्यांना दिलं होतं. त्या खुर्चीचा हात धरून उठल्या.

"इसका कुछ नहीं. मैं बोली काटने को. मेरेकू मालूम नहीं था."

अश्फाकने डोळे मिटून घेतले. बू नासिरने खिशातून मोबाईल काढला, शेजाऱ्यांच्या नंबरांची यादी उघडून पहिला नंबर लावला आणि हजराबींच्या हातात दिला.

"अकरा घर फुलोरे का रास्ता देखता है. मैं क्या बोलूँ? तुम काटा, तुम बोलो."

पहिल्या घराला हजराबी रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "माफ करो, बाबा, गलती हुआ." दुसऱ्यालाही तेच. तिसरा जरा मोठ्याने बोलला. चौथ्याने तर सरळ विचारलं, अब हमारे खजूर का क्या?

"क्या मतलब क्या?" हजराबी ताठ झाल्या. "आंगन तुमकू नहीं? एक झाड लगाने को हात नहीं? बापजादे से दूसरे के झाड पे बैठे हो! शरम नहीं आती?"

सुहानाने तोंडावर ओढणी धरली. पाचव्या घराला हजराबींनी 'माफ करो' म्हटलंच नाही. सहाव्याला त्यांनी रोप कुठे मिळतं, खड्डा किती खोल घ्यावा, हे सांगायला घेतलं आणि मधे बोललेलं त्यांना खपेना.

बू नासिरने मोबाईल घ्यायला दोनदा हात पुढे केला. त्यांनी दोनदा झटकला. शेवटी तो हरल्यासारखा अश्फाकजवळ सरकला आणि कुजबुजला:

"कागज लाओ. दो साल का सही करता हूँ. लेकिन पहले अम्मा से मेरा मोबाईल ले के दो."