बाबलच्या चित्रांवरचे माझे फुगे

बाबल म्हापणकरवर लिही, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी दरवेळी डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण पुढे केलं. डोळे केव्हाच बरे झालेत, तेव्हा आता लिहितो.

डोक्यावर मोकळी जागा असल्याशिवाय बाबल बोलत नाही. लिफ्टमध्ये, माळ्याखाली तो गप्प. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत नव्याने आलेल्या एका बाईंना तो मुकाच वाटला होता. मग गच्चीवर गाठून त्याने त्यांना तासभर पिडलं. कारण विचारलं की म्हणतो, "अरे, फुगा कुठे मावणार?" फुगा म्हणजे चित्रकथेत पात्राच्या डोक्यावर असतो तो, संवादाचा. हातातून ताट पडलं तर ताटाच्या आवाजावर याचं भागत नाही. स्वतः "खण्णण्ण" म्हणतो. बँकेत शिक्के मारणाऱ्या क्लार्कसमोर "धप्प, धप्प" करत उभा राहिला, तेव्हा वॉचमनने त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

आमच्या तरुणपणी जोगेश्वरीतल्या एका गाळ्यातून मुलांसाठी चित्रकथांचं साप्ताहिक निघायचं. चित्रं बाबलची, संवाद माझे. संवाद कागदावर लिहायचे, फुगा कातरायचा आणि डिंकाने चित्रावर चिकटवायचा. मला लांब वाक्यांची भारी हौस. ठोसा खाऊन हवेत उडालेला दरोडेखोर जमिनीवर पडेपर्यंत चार ओळी बोलायचा, त्यातही एक उपमा. बाबल कुरकुरायचा, "यार, त्याचे दात पडलेत. बोलतोय कशाने?"

त्याच्या बायकोची, सुलभावहिनींची, एकच मागणी होती: एकदा मला छापून आण. शेजारणींना दाखवायचं होतं. म्हणून बाबल दर अंकात त्यांना एका कोपऱ्यात काढायचा. बँकेवर दरोडा पडतोय आणि वहिनी मेथी निवडताहेत. चंद्रावर यान उतरतंय, वहिनी तिथेही मेथी निवडताहेत. आणि दर अंकात माझा फुगा नेमका त्यांच्यावर बसायचा. राजपुत्राचा चेहरा झाकून चालत नाही. कोपऱ्याचं कोणाला काय पडलंय, असं मी धरून चालायचो.

"दोन शब्द काप ना रे," बाबल सांगायचा. एकदा डबा घेऊन आलेल्या वहिनीही हसत म्हणाल्या, "भावजी, मेथीची जुडी तरी दिसू द्या."

पुढच्या अंकात नक्की, असं मी म्हटलं. पुढच्या अंकात राक्षसाला मरताना पश्चात्ताप झाला आणि त्याचं भाषण लांबलं.

मग वहिनी हॉस्पिटलात गेल्या. या खेपेला त्या दिसायलाच हव्यात, असं बाबलने मला बजावलं. मी कबूल केलं. रात्री कात्री घेऊन बसलो, पण वाक्य इतकं छान जमलं होतं की हात धजेना. अंक हॉस्पिटलात पोचला. त्यात उंट होता, वाळवंट होतं आणि माझं वाक्य होतं. त्यापुढचा अंक निघायच्या आत वहिनी गेल्या.

गेल्या रविवारी बाबलने जुनी मूळ चित्रं काढली. डिंक वाळून फुगे गळून पडले होते. एकेका चित्रातून वहिनी निघत गेल्या, पदर खोचून, मांडीवर मेथी घेऊन. उंटाच्या सावलीतसुद्धा.

बाबल म्हणाला, "तिला तुझे संवाद जाम आवडायचे. आधी स्वतःला शोधायची. नाही सापडली की तुझा फुगा मोठ्याने वाचून हसायची. हा उंटाचा तर तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला."

मी तोंड उघडलं. बाबल, मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात त्याने विचारलं, चहात साखर किती टाकू?

मी त्याला माझ्या साखरेच्या रिपोर्टबद्दल बराच वेळ सांगत बसलो.